भटका कुत्रा अंगणात शिरून आपल्या जनावराच्या अंगावर येतो तेव्हा

घरात नुकतंच कुत्र्याचं पिल्लू, मांजर किंवा ससा आणलेल्यांना या प्रसंगाची कल्पना सहसा नसते. पिल्लू अंगणात बागडत असतं, फाटकाची कडी नीट लागलेली नसते, आणि एक अनोळखी कुत्रा आत येऊन मान ताठ करून उभा राहतो. पुढच्या अर्ध्या मिनिटात आपण काय करतो त्यावर बरंच अवलंबून असतं. घाबरलेला माणूस नेमकं नको ते करतो. आरडाओरडा करत धावतो, दोन्ही जनावरांच्या मध्ये हात घालतो, नाहीतर फाटकाकडूनच कुत्र्यावर चालून जातो आणि त्याची बाहेर पडायची वाट बंद करतो. म्हणून काही घडण्याआधीच हे एकदा शांतपणे वाचून ठेवा, आणि निदान पहिल्या दोन पायऱ्या घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मुलांना तर नक्कीच, कारण अंगणात सगळ्यात जास्त वेळ तीच असतात.

पहिली पायरी: आपलं जनावर आधी आत

परक्या कुत्र्याला हाकलण्याची घाई करू नका. आधी आपलं जनावर घरात, आणि दार बंद. हा क्रम बदलला की मारामारी होते, कारण तुम्ही ओरडायला लागलात की तुमचा कुत्रा तुमच्या मदतीला म्हणून पुढे सरसावतो आणि परका कुत्रा आणखी बिथरतो.

आपल्या कुत्र्याला नेहमीच्या स्वरात हाक मारा. आवाज चढवलात तर काहीतरी बिनसलंय हे त्याला तिथेच कळतं. तो आला तर पट्टा लावून, परक्या कुत्र्याकडे पाठ न करता, चालत चालत आत जा. पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणं कुत्र्याच्या रक्तातच असतं.

छोटं पिल्लू उचलून घ्यायचं की नाही, हा प्रश्न नवीन माणसाला हमखास पडतो. दार दोन पावलांवर असेल तर उचला, छातीशी घट्ट धरा, अंग थोडं तिरकं वळवा आणि आत व्हा. दार लांब असेल तर मात्र विचार करा. उंच धरलेल्या, धडपडणाऱ्या पिल्लाकडे परका कुत्रा उड्या मारतो आणि त्याचे दात तुमच्या हाताला किंवा चेहऱ्याला लागतात. अशा वेळी जवळची कोणतीही बंद होणारी जागा चालते. गाडीचं दार, न्हाणीघर, अडगळीची खोली, पालथी घालता येईल अशी मोठी टोपली, काहीही.

मांजराच्या मागे धावू नका. तिला उंचावर चढायला जागा असली की ती स्वतःला सांभाळते, आणि घाबरलेल्या मांजराला धरायला गेलात तर ती तुम्हालाच ओरबाडेल. ससा, कोंबड्या, गिनीपिग पिंजऱ्यात असतील तर पिंजऱ्यावर चादर किंवा ताडपत्री टाका. सशाला साधा ओरखडाही आला नसला तरी तो नुसत्या धसक्याने दगावू शकतो, त्यामुळे कुत्रा त्याच्या नजरेआड होणं फार महत्त्वाचं.

मूल अंगणात असेल तर त्याने झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं, हात छातीशी, नजर जमिनीकडे. खाली पडलंच तर गुडघे पोटाशी घेऊन हातांनी मान आणि कान झाकायचे. हे मुलांकडून खेळात चार-दोनदा करून घ्या. नुसतं सांगून ऐन वेळी आठवत नाही.

दुसरी पायरी: कुत्र्याकडे नीट पाहा

आत आलेला प्रत्येक कुत्रा हल्ला करायलाच आलेला नसतो. डोळ्यात डोळे न घालता, जरा बाजूने त्याचं अख्खं अंग न्याहाळा.

अंग सैल, तोंड अर्धवट उघडं, शेपूट कमरेच्या उंचीला डुलतंय, जमीन हुंगत फिरतोय, मधेच पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करतोय, तर तो कुतूहलाने किंवा खेळायला आलाय. तरीही आपलं जनावर त्याच्याजवळ सोडू नका, कारण त्याला कोणता आजार आहे हे दिसण्यावरून कळत नाही.

शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, अंग आखडलेलं, सारखा ओठ चाटतोय, डोळ्यांतला पांढरा भाग दिसतोय, तर तो भेदरलेला आहे. असा कुत्रा कोपऱ्यात सापडला की चावतो. त्याला मोकळी वाट द्या.

खरा धोका शांत असतो. तोंड मिटलेलं, अंगाचं वजन पुढच्या पायांवर, शेपूट ताठ उभं, त्याच्या टोकाशी बारीक कंप, नजर तुमच्या जनावरावर खिळलेली. भुंकणं थांबून हे सुरू झालं तर तो बेतात आहे असं समजा. शेपूट हलतंय म्हणजे दोस्ती, हा समज मनातून काढून टाका. ताठ शेपटीची ती चाल वेगळीच असते, आणि एकदा पाहिली की ओळखू येते.

आणखी एक प्रकार ओळखायला हवा. समोर येईल त्याला चावत सुटणं, लाकूड-दगडसुद्धा चावणं, आवाज बदलून घोगरा होणं, खालचा जबडा लोंबणं, लाळेच्या तारा, गिळता न येणं, मागचे पाय लटपटणं, ही रेबीजची चिन्हं असू शकतात. काही पिसाळलेली कुत्री अंगावर येत नाहीत, सुस्त पडून राहतात आणि जवळ गेल्यावर चावतात. असा संशय आला की पुढच्या पायऱ्या विसरा. सगळ्यांनी आत जायचं, दार लावायचं आणि प्राणी पकडणाऱ्या यंत्रणेला फोन करायचा. दयेपोटी पाणी ठेवायलाही बाहेर जाऊ नका.

तिसरी पायरी: बाहेर काढणं

आपलं जनावर आत गेलं की निम्मं काम झालं. आता घाई नाही.

फाटक सताड उघडा. मग अशा जागी उभे राहा की कुत्रा तुमच्या आणि फाटकाच्या मध्ये येईल. ही एक गोष्ट साधली की बाकी सगळं सोपं जातं, पण बहुतेकांचं इथेच चुकतं. फाटक उघडून माणूस तिथेच उभा राहतो आणि कुत्र्याला हातवारे करत बसतो. कुत्र्याच्या दृष्टीने बाहेर पडायच्या जागी एक ओरडणारा माणूस आहे. तो मागे सरकतो, भिंतीला लागतो, आणि मग दात दाखवतो. तुम्ही घराच्या बाजूने, हळूहळू, थोडे तिरके पुढे या. हातात उघडलेली छत्री, झाडू किंवा पुठ्ठ्याचं मोठं खोकं असू द्या. ते मारण्यासाठी घेतलेलं नाही, आपल्यामध्ये आडोसा म्हणून आहे. खालच्या, ठाम आवाजात ‘हाड’ म्हणा, एकदा-दोनदा. सारखं ओरडलात तर तो भुंकून उत्तर देत बसतो.

तो जागचा हलत नसेल तर पाण्याच्या पाइपचा फवारा त्याच्या पायांजवळ सोडा. डबा वाजवणं, शिट्टी, गाडीचा हॉर्न यांचाही उपयोग होतो. मूठभर खाणं फाटकाबाहेर लांब फेकणं ही युक्ती चालते, पण दोन अटींवर. तुमचं जनावर तिथे नसावं, नाहीतर खाण्यावरूनच जुंपते. आणि हे रोज करायचं नाही, नाहीतर तुम्ही त्याला आमंत्रणच देताय.

दगड मारणं, काठीने बडवणं, गरम पाणी ओतणं, विष ठेवणं यांतलं काहीही करू नका. ते क्रूर आहे, अनेक देशांत गुन्हा आहे, आणि त्याने प्रश्न सुटत नाही. मार खाल्लेला कुत्रा माणसाला भिऊन आधीच चावायला शिकतो. विष टाकलेला घास तुमच्या स्वतःच्या मांजराच्या तोंडी जायला वेळ लागत नाही.

मारामारी जुंपलीच तर

हात मध्ये घालू नका. गळ्यातला पट्टा धरून ओढू नका. भांडणाऱ्या कुत्र्याला कोण धरतंय ते कळत नाही, आणि मालकाला होणारे कितीतरी चावे त्याच्या स्वतःच्याच कुत्र्याचे असतात. ओढाताणीने जखमही वाढते, कारण दात रुतलेले असताना ओढलं की कातडी फाटते.

आधी लांबूनच करता येईल ते करा. पाण्याचा जोरदार फवारा थेट तोंडावर, नसेल तर बादलीभर पाणी डोक्यावर. भांड्यांचा धाडकन आवाज. जाड घोंगडी किंवा चादर दोघांच्या डोक्यांवर टाका. दिसेनासं झालं की पकड क्षणभर सैल होते. फळी, खुर्ची, कचऱ्याच्या डब्याचं झाकण असं काहीतरी दोघांच्या मध्ये सरकवा.

एवढ्याने भागलं नाही आणि मोठी दोन माणसं हजर असतील, तरच पुढचा उपाय. प्रत्येकाने एकेका कुत्र्याच्या मागून जायचं, मागचे दोन्ही पाय मांड्यांपाशी, घोट्यांपाशी नव्हे, धरून उचलायचे आणि हातगाडी मागे ओढावी तसं अर्धवर्तुळ घेत मागे जायचं. वळत राहिलं की कुत्र्याला तोल सांभाळायला पुढचे पाय टाकावे लागतात आणि मान वळवून चावता येत नाही. दात रुतलेले असतील तर पकड सुटेपर्यंत ओढू नका. आपला कुत्रा सरळ दाराआड नेऊनच सोडा, वाटेत सोडलात तर तो परत धावतो. एकटे असाल तर हे करू नका. एकट्याने एका कुत्र्याचे पाय धरले की दुसरा त्याला फाडतो.

तुमची कुत्री माजावर असेल आणि नर आधीच चढून दोघं जोडले गेले असतील, तर त्यांना ओढून वेगळं करू नका. दोघांनाही इजा होते. बहुधा दहा ते तीस मिनिटांत ते आपोआप सुटतात. तेवढा वेळ कुत्रीच्या डोक्याशी शांत बसा आणि नंतर पशुवैद्याशी बोला.

चावा तपासणं

परका कुत्रा गेला, आता आपल्या जनावराकडे. या टप्प्यावर लोक फसतात, कारण जखम बाहेरून क्षुल्लक दिसते. कुत्र्याचा सुळा आत जाताना बारीक भोक पाडतो, आणि त्याने मान झटकली की त्या भोकाखाली कातडी मांसापासून सुटते. वर टाचणीएवढा ठिपका, आत तळहाताएवढी पोकळी, आणि तिच्यात परक्या तोंडातले जंतू. दोन दिवसांनी तिथे पू होऊन गळू फुगतं.

म्हणून हातमोजे घाला, परक्या कुत्र्याची लाळ केसांवर असू शकते. उजेडात बसून मान, छाती, पोट, काखा, मांड्यांची आतली बाजू असं बोटांनी केस उलटे सारत तपासा. केसांचा एखादा पुंजका ओला आणि चिकटलेला लागला तर तिथे थांबा, केस बाजूला करा. खाली बहुधा भोक सापडतं, आणि प्रत्येक जबड्यात सुळे दोन असल्यामुळे जवळपास दुसरंही. दुखणारं जनावर मालकालाही चावतं, तेव्हा धाप लागलेली नसेल आणि उलटी होत नसेल तर आधी तोंडाला मऊ कापडाची पट्टी सैलसर बांधा. मांजराला टॉवेलात गुंडाळा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. वाहणं थांबल्यावर कोमट पाण्याने किंवा सलाइनने जखम धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, घरगुती लेप काही लावू नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच नकोत. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं, आणि आयबुप्रोफेन कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतं.

हिरड्या बघा. एरवी गुलाबी असतात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढुरक्या, पंजे गार, श्वास भराभर, पोट फुगलेलं, छातीवर चावा, किंवा मोठ्या कुत्र्याने छोट्याला तोंडात धरून झटकलेलं, यांपैकी काहीही असेल तर थांबू नका, निघा, आणि वाटेतून फोन करा. बाकी वेळीही कातडीत भोक पडलं असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. आधी रेबीजची लस दिलेली असली तरी ते बहुधा लगेच आणखी एक मात्रा देतात, म्हणून लसीकरणाचं कार्ड बरोबर घ्या.

तुम्हाला दात लागला असेल तर

यात चालढकल चालत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही, आणि त्याआधी वेळेवर उपचार झाले तर तो पुरता टाळता येतो. इतका स्पष्ट फरक फार थोड्या आजारांत असतो. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत तो कुत्र्यांकडूनच येतो.

जखम, ओरखडा, किंवा फाटलेल्या कातडीवर लागलेली लाळ, काहीही असो, साबण लावून वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण अंदाजाने धुणारा लवकर थांबतो. नंतर आयोडीनयुक्त जंतुनाशक लावा, जखम घट्ट बांधू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लसीची पहिली मात्रा तेव्हाच मिळायला हवी, पुढच्या मात्रांचे दिवस डॉक्टर लिहून देतील, आणि त्यातली एकही चुकवू नका. रक्त आलेल्या जखमेला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, त्याबद्दल स्वतःहून विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही सांगा.

कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवता आला आणि ठणठणीत राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असं धरतात. पण ते दहा दिवस संपण्याची वाट पाहत लस लांबवायची नाही. आधी लस सुरू करायची, पुढचं डॉक्टर ठरवतील.

तो का येतो, ते शोधा

एकदा आलेला कुत्रा पुन्हा आला तर त्याला तुमच्या अंगणात काहीतरी मिळतंय. ते सापडेपर्यंत रोज हाकलत बसावं लागतं. पाळीव जनावराची उरलेली वाटी बाहेर राहते का? कचऱ्याचं झाकण सैल आहे का? गाडीखाली सावली, नळाखाली साचलेलं पाणी, जिन्याखाली कोरडी जागा? पिल्लं घातलेली कुत्री जवळपास आहे का? पिल्लांची आई काही आठवडे आसपासच्या कोणत्याही कुत्र्यावर धावते, पिल्लं सुटी झाली की बहुधा निवळते. तोवर तुमच्या कुत्र्याला तिच्या बाजूने नेऊ नका, आणि पिल्लांना हात लावू नका.

घरची कुत्री माजावर असेल तर कारण वेगळं शोधायलाच नको. साधारण दर सहा महिन्यांनी, दोन ते तीन आठवडे तो काळ असतो, आणि नर वासाने बऱ्याच लांबून येतात, एरवी न चढणारी भिंतही चढतात. या दिवसांत तिला अंगणात एकटं सोडूच नका. पिल्लं नको असतील तर नसबंदीबद्दल पशुवैद्याशी बोला. माझ्या मते हा एक निर्णय अर्धी कटकट संपवतो.

येणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असेल किंवा तो नीट निगा राखलेला दिसत असेल, तर तो हरवलेला असण्याची शक्यता आहे. जवळ येऊ देत असेल तर पशुवैद्याकडे मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखीची बारीक चिप, तपासता येते. नाहीतर फोटो काढून आसपास विचारा. शेजाऱ्याचाच निघाला तर पहिल्या भेटीत तक्रारीचा सूर लावू नका, फोटो दाखवा आणि फाटक लावायला सांगा. दुसऱ्यांदा मात्र लेखी कळवा.

फाटक आणि कुंपण

स्वतः गुडघ्यांवर बसून कुंपणाच्या कडेने एकदा फिरा. उभ्याने जे दिसत नाही ते कुत्र्याच्या उंचीवरून दिसतं. फाटकाखालची फट, पावसाने खचलेली माती, जाळीचा सुटलेला टाका, भिंतीला टेकवून ठेवलेली कुंडी जिच्यावर पाय देऊन वर चढता येतं. केस अडकलेली जागा दिसली तर तीच त्याची वाट.

मध्यम कुत्र्याला रोखायला पाच ते सहा फूट उंची लागते. खालून उकरून येत असेल तर जाळीची फूटभर पट्टी कुंपणाच्या तळाशी बाहेरच्या बाजूला आडवी, मातीखाली पुरा. तो कुंपणाला लागून उकरतो, जाळी लागते, आणि मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही. फाटकाला आपोआप लागणारी कडी बसवा, कारण घरात कोणीतरी कडी विसरणारच. आरपार दिसणाऱ्या जाळीवर खालचे तीन-चार फूट काहीतरी आडोसा लावा. दोन्हीकडून रोज चालणारी भुंकाभुंकी त्याने कमी होते, आणि तिच्यातूनच पुढे वैर पक्कं होतं. सशांच्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याला पातळ षटकोनी जाळी पुरत नाही, कुत्रा ती दातांनी फाडतो. जाड तारेची वेल्डेड जाळी लावा आणि खुराडं जमिनीपासून उंच ठेवा.

पिल्लाच्या लसी पूर्ण व्हायच्या असतील तर परका कुत्रा जिथे फिरला त्या जागेवर त्याला सोडू नका, पशुवैद्याला विचारूनच सोडा. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. विष्ठा उचलून फरशी धुतल्यावर, एक भाग घरगुती ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून पुन्हा धुवा. ब्लीच दुसऱ्या कोणत्याही क्लीनरमध्ये मिसळू नका.

तरीही येत राहिला तर

तारीख, वेळ, फोटो, काय घडलं, हे वहीत लिहून ठेवा. प्राणी नियंत्रण विभाग किंवा प्राणी संस्था ‘कुत्र्यांचा त्रास आहे’ एवढ्यावर फारसं काही करू शकत नाही. रोज सकाळी, अमुक बाजूने, काळ्या-पांढऱ्या रंगाचा, असं सांगितलं की त्यांना पकडता येतं. त्याच्या कानाला खाच किंवा टॅग आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी ती नसबंदी आणि लस झाल्याची खूण असते. नसेल तर त्याची नसबंदी आणि लसीकरण व्हावं यासाठी पाठपुरावा करा. नुसता उचलून लांब नेऊन सोडला तर रिकामी झालेली जागा काही दिवसांत दुसरा कुत्रा घेतो, आणि त्याची तर काहीच माहिती नसते. परिसरातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणून शेजारपाजाऱ्यांनी मिळून मागणी केली तर जास्त बरं.

घटनेनंतर तुमचा कुत्रा अंगणात जायला कचरत असेल तर ओढून नेऊ नका. पट्टा लावून दारातच दोन मिनिटं बसा, आवडीचं खाणं द्या, परत या. दुसऱ्या दिवशी दोन पावलं पुढे. मांजर कपाटावरून उतरत नसेल तर पाणी, खाणं आणि शौचाचा ट्रे त्याच खोलीत ठेवा आणि तिला तिच्या वेळेने उतरू द्या. मांजराने पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही, किंवा कुत्रा दोन दिवस खात नसेल, लंगडत असेल, एखादी जागा सारखी चाटत असेल, तर पशुवैद्याला पुन्हा दाखवा. केसांखाली राहून गेलेलं भोक अनेकदा तेव्हाच सापडतं.